डबीतलं नाणं, डबीवरचा आकडा

१९०९ सालचा अमेरिकी सेंट तसा किरकोळ ऐवज. तांब्याचा, आपल्याकडच्या जुन्या पाव आण्यापेक्षाही लहान. एका बाजूला अब्राहम लिंकन, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या. लोंब्यांच्या देठांखाली, अगदी कडेला चिकटून, व्ही. डी. बी. ही तीन अक्षरं. ती शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर याची आद्याक्षरं. पुढच्या बाजूला सालाखाली एक बारकासा ‘एस’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ. अशी चांगली राहिलेली नाणी आज सहसा मोकळी विकली जात नाहीत. ती कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद केलेली असतात. संग्राहक या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात.

डबीच्या वरच्या भागात एक चिठ्ठी दिसते. नाणं पीसीजीएस या कंपनीने तपासलेलं असेल, तर साल आणि दर्जा यांच्याबरोबर तिच्यावर एक लांबलचक आकडा छापलेला सापडतो : २४२८.६५ आणि तिरक्या रेघेपुढे आणखी सात किंवा आठ अंक. नवखा माणूस हा सगळा एकच नंबर समजतो. प्रत्यक्षात ते तीन आहेत. २४२८ हा कंपनीच्या यादीतला क्रमांक. ‘१९०९, सॅन फ्रान्सिस्को, व्ही. डी. बी. असलेला, मूळचा लाल रंग टिकवून असलेला सेंट’ एवढं सगळं त्या चार अंकांत येतं. नाणं काळवंडून तपकिरी झालं असेल तर हाच क्रमांक २४२६ होतो, अर्धं लाल अर्धं तपकिरी असेल तर २४२७. टिंबानंतरचे ६५ हा दर्जा, सत्तरपैकी. या दोन्ही आकड्यांवर त्या नाण्याचा एकट्याचा हक्क नाही. तशा हजारो नाण्यांच्या डब्यांवर तेच आकडे असू शकतात. रेघेपुढचा आकडा मात्र दुसऱ्या कोणालाही दिलेला नसतो. तोच प्रमाणपत्र क्रमांक.

या आकड्याची गरज का पडली, हे त्याच सेंटकडे पाहिलं की कळतं. ऑगस्ट १९०९ मध्ये नाणं बाहेर पडलं आणि लगेच ओरड सुरू झाली. सरकारी नाण्यावर शिल्पकाराने स्वतःची जाहिरात का करावी? काही दिवसांतच अक्षरं साच्यावरून काढून टाकण्यात आली. तोपर्यंत फिलाडेल्फियात व्ही. डी. बी. असलेले २ कोटी ७९ लाख ९५ हजार सेंट पडले होते. सॅन फ्रान्सिस्कोत पडले फक्त ४ लाख ८४ हजार. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर टांकसाळीचं चिन्ह नव्हतं. म्हणजे तिथलं एक स्वस्त नाणं घ्यायचं, सालाखाली एक ‘एस’ चिकटवायचा, की झालं दुर्मीळ नाणं. पुढच्या काही दशकांत असे ‘एस’ इतके चिकटवले गेले, की व्ही. डी. बी. सेंट विकत घेणं हा जुगारच झाला.

खरा ‘एस’ ओळखता येतो. त्याचा ठसा सालाखालच्या ठरावीक जागीच पडलेला असतो आणि अक्षराच्या वरच्या वळणात धातूचा एक सूक्ष्म उंचवटा असतो, ठशाच्या हत्यारातच दोष असल्यामुळे. मागच्या बाजूच्या ‘बी’ची मधली रेघ किंचित तिरपी असते. हे सगळं भिंगाखाली दिसतं, पण भिंग धरणाऱ्याला काय शोधायचं ते ठाऊक असावं लागतं. ज्याला ते ठाऊक नाही, त्याने कोणाच्या शब्दावर विसंबायचं? विकणाऱ्याच्या? नाणं ‘खास’ आहे असं सांगण्यात त्याचाच फायदा असतो.

खरं-खोटं हा अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा दर्जाचा. ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘अनसर्क्युलेटेड’ हे शब्द अमेरिकेतले नाणेविक्रेते शंभर वर्षं आपापल्या सोयीने वापरत होते. नाणं विकत घेताना ते ‘फाइन’ असायचं, तेच विकताना ‘व्हेरी फाइन’ व्हायचं. या शब्दांना आकडा चिकटवला विल्यम शेल्डन याने. हा पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांचे स्थूल, पीळदार आणि सडपातळ असे देहप्रकार पाडून त्यांचा स्वभावाशी संबंध जोडणारा म्हणून तो प्रसिद्ध होता. छंद मात्र अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटचा. १९४९ साली त्याने या सेंटवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. १ म्हणजे ओळख जेमतेम पटेल इतकं झिजलेलं नाणं, ७० म्हणजे टांकसाळीतून निघालं तसंच्या तसं.

सत्तरच का? कारण शेल्डनला मोजपट्टीतून थेट किंमत काढायची होती. १७९४ सालचा सगळ्यात झिजका सेंट एक डॉलरला मिळतो असं धरलं, तर उत्तम प्रतीचा त्याच्या सत्तरपट किमतीला जावा, असा त्याचा हिशोब. मूळ किंमत गुणिले दर्जा, की आला भाव. बाजाराने हे गणित काही वर्षांतच मोडून टाकलं, कारण उत्तम नाण्यांच्या किमती सत्तरपटीवर थांबल्याच नाहीत. पण मोजपट्टी राहिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ती सगळ्याच अमेरिकी नाण्यांना लावली. आज जगभरच्या स्लॅबवर दिसणारे ६३, ६५, ६७ हे आकडे तिच्यातलेच.

शेल्डनच्या मृत्यूनंतर उघड झालेली गोष्ट या इतिहासात ठेवलीच पाहिजे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट नाणी उचलून त्यांच्या जागी त्याने स्वतःकडची हलकी नाणी ठेवली होती, तीही थोडीथोडकी नव्हे. संस्थेच्या नोंदी आणि जुने फोटो समोर ठेवून पाहिल्यावर चोरी उघडकीला आली. ज्याने दर्जाला आकडा दिला, त्यानेच दर्जाची अदलाबदल केली होती, आणि ती पकडायला कामी आले ते फोटो.

फोटोचा हा धागा पुढेही लागतो. १९७२ साली अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने वॉशिंग्टनमध्ये नाणी तपासून देणारं एक कार्यालय सुरू केलं. त्याच्या लांब नावाचा संक्षेप झाला ‘ॲनॅक्स’. त्या काळात बनावट सोन्याच्या नाण्यांचा सुळसुळाट होता. १९०७ सालच्या वीस डॉलरच्या उठावदार सोन्याच्या नाण्याच्या काही प्रती इतक्या हुबेहूब होत्या, की मुरलेले जाणकारही फसले. शेवटी त्यांतल्या गरुडाच्या पंजात ग्रीक ओमेगाचं एक सूक्ष्म अक्षर सापडलं. बनवणाऱ्याने जणू सहीच करून ठेवली होती.

ॲनॅक्सची पद्धत सरळ होती. नाणं टपालाने पाठवायचं. तज्ज्ञ ते तपासायचे, वजन करायचे, दोन्ही बाजूंचे कृष्णधवल फोटो काढायचे आणि फोटो लावलेलं, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र नाण्यासोबत परत यायचं. त्या क्रमांकाची नोंद दप्तरी राहायची. १९७९ पासून या कागदावर दर्जाही येऊ लागला आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळा, उदाहरणार्थ पुढची बाजू ६३, मागची ६५. व्यवस्था नेटकी होती, पण नाणं एकीकडे आणि कागद दुसरीकडे असायचा. चांगल्या नाण्याचा कागद त्याच सालच्या हलक्या नाण्याशेजारी ठेवून विकणं कठीण नव्हतं. फोटो नीट ताडून पाहिला तर लबाडी कळायची, पण किती जण ताडून पाहतात? शिवाय ही संस्था फक्त मत द्यायची. ते मत चुकलं तर नुकसान विकत घेणाऱ्याचं.

ही दोन्ही भगदाडं बुजवली व्यापाऱ्यांनीच. डेव्हिड हॉल आणि त्याच्या सोबतच्या काही नाणेविक्रेत्यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस, म्हणजे पीसीजीएस उभी केली. फेब्रुवारी १९८६ मध्ये तिचं काम सुरू झालं. नाणं कोणाचं आहे ते न कळता अनेक तपासनीसांनी ते स्वतंत्रपणे पाहायचं, मतं जुळवून एक दर्जा ठरवायचा आणि मग नाणं चिठ्ठीसकट डबीत घालून ध्वनिलहरींनी तिची कड वितळवून जोडून टाकायची. डबी फोडल्याशिवाय नाणं निघणार नाही आणि फोडली तर ते दिसल्याशिवाय राहणार नाही. वर हमी : दर्जा चुकला असेल तर कंपनी भरपाई देईल. कंपनीशी जोडलेल्या विक्रेत्यांनी तर ही नाणी न पाहताही घेण्याची तयारी दाखवली. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, न्यू जर्सीत जॉन अल्बानीज याने न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन, म्हणजे एनजीसी सुरू केली. आजही बाजार मुख्यतः या दोन कंपन्यांचाच आहे.

पीसीजीएसच्या पहिल्या डब्या लहान होत्या. त्यांतलं नाणं सैल बसायचं आणि हलवलं की वाजायचं. म्हणून संग्राहक त्यांना ‘रॅटलर’ म्हणतात. आज या खुळखुळणाऱ्या डब्यांना वेगळी किंमत आहे. तेव्हाचे तपासनीस जास्त कडक होते, आज तेच नाणं एक पायरी वर जाईल, असा अनेकांचा समज. त्यामुळे चिठ्ठीचा रंग, छपाई, क्रमांकाची लांबी यांवरून डबी कोणत्या वर्षांतली ते सांगणारे जाणकार तयार झाले. सात आकडी क्रमांक जुना, आठ आकडी त्यानंतरचा, हा त्यांतला पहिला धडा.

एनजीसीने क्रमांकाची रचना वेगळी केली. तिच्या चिठ्ठीवर आधी एक मोठा आकडा असतो, मग आडवी रेघ, मग तीन अंक. समजा शेवटी ०१४ आहे. आधीचा आकडा हा नाणी पाठवणाऱ्याच्या पावतीचा. ०१४ म्हणजे त्या पावतीवरचं चौदावं नाणं. त्यामुळे एनजीसीच्या क्रमांकातून नाण्याचे सोबतीही कळतात. ०१३ आणि ०१५ ही नाणी त्याच खेपेत, त्याच माणसाकडून आलेली. एखादा जुना साठा बाजारात फुटला की लिलावांच्या याद्यांतून हे क्रमांक जुळवून कोणती नाणी एकत्र होती याचा माग काढता येतो. या आकड्यांचा असा उपयोग व्हावा, असं कोणी योजलेलं नव्हतं.

क्रमांकाचं खरं मोल कळतं ते एकसारख्या नाण्यांच्या ढिगात. १७९४ चा पहिला अमेरिकी चांदीचा डॉलर, ज्याची एक अप्रतिम प्रत जानेवारी २०१३ मध्ये १ कोटी डॉलरच्या वर गेली, त्याला क्रमांक नसता तरी चाललं असतं. त्या प्रतीवरचा प्रत्येक ओरखडा अभ्यासकांना तोंडपाठ आहे. मॉर्गन डॉलरचं तसं नाही. १८७८ पासून पाडलेली ही चांदीची नाणी हजार-हजारांच्या थैल्यांत सरकारी तिजोरीत दशकानुदशकं पडून होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती लोकांच्या हाती आली. १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर कोऱ्या अवस्थेत आजही मुबलक मिळतो. उलट १८८४ चा त्याच टांकसाळीचा डॉलर झिजलेला असेल तर सामान्य माणसालाही परवडतो, पण तोच कोरा आणि डागविरहित असेल तर किंमत लाखो डॉलरवर जाते. दोघांत फरक काय? गालावरचे काही ओरखडे, केसांच्या उंचवट्यावरची किंचित झीज. एवढ्याशा फरकावर एवढा पैसा अवलंबून राहिला, की तो फरक कोणी पाहिला, कधी पाहिला, याची नोंद लागणारच.

आणि मग पैसा आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉल स्ट्रीटला या डब्यांत शेअरसारखा माल दिसला. दर्जा ठरलेला, हमी दिलेली, न पाहता घेता येणारा. मेरिल लिंच आणि किडर पीबॉडी यांसारख्या नामांकित पेढ्यांनी नाण्यांचे फंड आणले. १९८९ मध्ये किमती शिखराला पोचल्या आणि त्यानंतर कोसळल्या. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींवर बोट ठेवलं. दर्जा ठरवणं पूर्णपणे वस्तुनिष्ठ आणि सुसंगत असल्याचा दावा टिकत नाही, असा आक्षेप होता. तडजोड झाली आणि कंपनीला जाहिरातीत खुलासा द्यावा लागला. त्याच वर्षी कंपनीने संगणकाकडून दर्जा ठरवण्याचा प्रयोगही करून पाहिला. तो चालला नाही. नाणं शेवटी माणसाच्या डोळ्यांपुढेच आलं.

माणसाचा डोळा म्हटला की आज ६४ आणि उद्या ६५. बाजारातल्या हुशार लोकांनी यातून एक धंदाच काढला, ‘क्रॅकआउट’. डबी पकडीने फोडायची, नाणं काढायचं आणि पुन्हा तपासायला पाठवायचं. एक पायरी वाढली तर फायदा हजारोंचा, नाही वाढली तर फक्त फी गेली. काही नाणी अशी दहा-दहा वेळा जाऊन येतात. दर वेळी त्यांना नवा क्रमांक मिळतो. दवाखान्यात माणूस तोच असला तरी दर खेपेला नवा केसपेपर निघतो, तसंच. क्रमांक नाण्याला चिकटलेला नसतो, तपासणीला चिकटलेला असतो. ही एक गोष्ट ध्यानात घेतली, की या धंद्यातले बरेचसे घोळ समजतात.

उदाहरणार्थ, ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’. अमुक सालचं, अमुक दर्जाचं नाणं आजवर किती वेळा तपासलं गेलं याची यादी दोन्ही कंपन्या प्रसिद्ध करतात. एनजीसी तिला ‘सेन्सस’, म्हणजे जनगणना म्हणते. खरेदीदार ती दुर्मिळतेचा पुरावा म्हणून वाचतात. पण यादीत मोजल्या जातात त्या तपासण्या. एकच नाणं पाच वेळा आलं आणि जुन्या चिठ्ठ्या कंपनीकडे परत गेल्या नाहीत, तर यादीत पाच नाणी दिसतात. कंपन्या जुन्या चिठ्ठ्या परत पाठवा असं सांगतात. फोडणारा ते करेलच असं नाही. शिवाय डबीबरोबर इतिहासही फुटतो. बाल्टिमोरचा बँकर लुई एलियासबर्ग याने १९५० पर्यंत अमेरिकी नाण्यांचा जवळजवळ परिपूर्ण संग्रह जमवला होता. त्याची नाणी १९८२ पासून लिलावात आली. आज त्यांतल्या कित्येकांच्या चिठ्ठीवर त्याचं नाव असतं. अशी डबी फोडून नाणं नुसतंच तपासायला पाठवलं, तर नव्या चिठ्ठीवर ते नाव राहत नाही.

दर्जावर एवढी शंका, की दर्जाचाही दर्जा ठरवणारा आला. २००७ मध्ये त्याच जॉन अल्बानीजने सीएसी सुरू केली. ती पीसीजीएस आणि एनजीसीच्या डब्यांतली नाणी पुन्हा पाहायची आणि दर्जाला साजेशा नाण्यांच्या डबीवर हिरवा कागद चिकटवायची. दर्जा कमी लावला गेला असेल तर सोनेरी. आता त्या चिकटलेल्या कागदाचीही पडताळणी करावी लागते, आणि तीसुद्धा मूळ डबीच्या क्रमांकावरूनच.

क्रमांक खरा, डबी खरी, आणि तरी नाणं खोटं, असंही घडलं आहे. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीच्या काही मॉर्गन डॉलरवर ‘ओ’ हे अक्षर नेहमीपेक्षा लहान असतं. १८९६, १९०० आणि १९०२ या सालांची अशी ‘मायक्रो ओ’ नाणी दुर्मीळ प्रकार म्हणून वर्षानुवर्षं तपासली गेली, डब्यांत बंद झाली, चढ्या भावाने विकली गेली. मग अभ्यासकांच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या सालांच्या या नाण्यांची मागची बाजू एकाच साच्यातली आहे आणि तो साचा टांकसाळीचा नव्हे. जुन्या काळातच कोणीतरी चांदी वापरून ती पाडली होती. २००५ मध्ये पीसीजीएसने ती बनावट असल्याचं जाहीर केलं. १८९९ चं ‘मायक्रो ओ’ मात्र अस्सल ठरलं. त्या बाद झालेल्या नाण्यांचे क्रमांक होतेच, नोंदीही होत्या. चूक होती ती मतात.

त्यानंतर थोड्याच वर्षांत घाला थेट डबीवर आला. २००८ च्या सुमारास चीनमधून आलेल्या बनावट एनजीसी आणि पीसीजीएस डब्या बाजारात दिसू लागल्या. आत खोटं नाणं, बाहेर खोटी डबी, खोटी चिठ्ठी. पण क्रमांक अस्सल. लिलावांच्या याद्यांत डब्यांचे मोठे, स्वच्छ फोटो असतात. त्यांतला क्रमांक उतरवून घेतला की काम झालं. विकत घेणारा कंपनीच्या नोंदीत क्रमांक टाकतो, समोर येतं ‘१८९३, सॅन फ्रान्सिस्को, मॉर्गन डॉलर’, डबीवरही तेच. त्याचं समाधान होतं आणि पैसे जातात. एकच क्रमांक एकाच वेळी वेगवेगळ्या गावांत विक्रीला असल्याचं उघड व्हायला वेळ लागायचा.

१९७२ च्या ॲनॅक्सकडे फोटो होता, पण नाणं मोकळं होतं. १९८६ मध्ये नाणं बंद झालं आणि त्या घाईत फोटो मागे पडला. बनावट डब्यांनी बोट ठेवलं ते नेमकं तिथे. त्यानंतर कंपन्यांनी नाण्यांचे फोटो क्रमांकाला जोडून ठेवायला सुरुवात केली. आज क्रमांक टाकला की अनेक नाण्यांचा फोटोही समोर येतो. चांदीवर चढलेल्या निळ्या-सोनेरी छटेची कड कुठे संपते, लिंकनच्या गालावर ओरखडा कोणत्या दिशेने गेला आहे, हे डबीतल्या नाण्याशी ताडून पाहता येतं. चिठ्ठीवर होलोग्राम, सूक्ष्म छपाई, बारकोड आले. २०२० पासून पीसीजीएसच्या काही डब्यांत मोबाइलने वाचता येणारी चिपही आली. मुरलेला विक्रेता तरी आधी फोटोच उघडतो आणि भिंग हातात घेतो.

भिंग आणि पारख यांची ही जोडी भारतातल्या सराफांना नवी नव्हती. मराठी मुलखात बलुतेदारांमध्ये पोतदार असायचा. तोही बहुधा सोनारच. वसुलात आलेला रुपया खरा की खोटा, चांदी किती, झीज किती, हे तो सांगायचा. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे निरनिराळे रुपये एकाच बाजारात फिरायचे आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. बंगालमध्ये तर चालू सालाचा ‘सिक्का’ रुपया पूर्ण किमतीचा आणि साल उलटलं की त्यावर बट्टा, मग धातू तोच असला तरी. सराफांची ही कमाई मोडायला कंपनी सरकारने मुर्शिदाबादच्या रुपयावर शाह आलमचं एकोणिसावं राज्यवर्षच गोठवून टाकलं. पुढची अनेक वर्षं तेच साल छापलं गेलं. १८३५ च्या कायद्याने सगळ्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आला आणि पारख्यांच्या या कामाची गरज ओसरत गेली.

पारखी आपलं मत थेट धातूवर नोंदवायचा. तपासलेल्या रुपयावर सराफ आपला बारीक ठसा मारत, कोणी चांदणी, कोणी फुली, कोणी फूल. चीनमधल्या व्यापाऱ्यांनी अमेरिकेच्या १८७३ पासूनच्या ‘ट्रेड डॉलर’वर असेच ठसे मारले. त्या काळी ठसे जितके जास्त, तितका रुपया अधिक हातांनी तपासलेला. आजच्या ग्रेडिंगमध्ये त्याच ठशांनी नाण्याचा दर्जा घसरतो. पीसीजीएस ठसे असलेल्या ट्रेड डॉलरला वेगळं नाव देऊन दर्जा लावते. पण एरवी धातूवरचा कुठलाही परका ओरखडा म्हणजे नुकसान. म्हणून मत डबीवर लिहायचं आणि धातूला हात लावायचा नाही.

भारतीय नाणीही आता या डब्यांत भरपूर दिसतात. त्यांच्या चिठ्ठ्या वाचायला थोडा सराव लागतो. सालापुढे कंसातला ‘बी’ म्हणजे मुंबई, ‘सी’ म्हणजे कलकत्ता. ‘रीस्ट्राइक’ हा शब्द तर या दोन टांकसाळींशीच जोडलेला. ब्रिटिश काळातल्या नाण्यांच्या नव्या प्रती जुन्या साच्यांतून संग्राहकांना पाडून देण्याची सोय मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत १९७० पर्यंत होती. त्यामुळे नाण्यावर १८६२ लिहिलेलं आणि पाडलं विसाव्या शतकात, अशा नाण्यांची कमी नाही. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपयाही असाच चिठ्ठी नीट वाचून घ्यायचा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलली. तेव्हापासून तो ‘पिग रुपया’.

मात्र इथे बसून असा रुपया अमेरिकेला तपासायला पाठवता येत नाही. ॲनॅक्स सुरू झाली त्याच १९७२ साली भारतात पुरावस्तू आणि कलामूल्य वस्तूंचा कायदा झाला. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षं जुनं नाणं त्याच्या लेखी पुरावस्तू आहे आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, परत आणायचं असलं तरी. म्हणूनच शिवराई, पेशवाईतले रुपये किंवा व्हिक्टोरियाची नाणी परदेशी डब्यांत दिसतात ती बहुतेक आधीच तिकडे गेलेल्या संग्रहांतली. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया मात्र अजून शंभर वर्षांच्या मर्यादेच्या आत आहे. त्याच्यानंतर लगेच रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली गेली. तो बाजारात दुर्मीळ, त्याच्या नकला भरपूर, आणि प्रमाणपत्र क्रमांकाला भाव देणारे भारतीय खरेदीदारही त्याच्यासाठीच जास्त. त्याची शंभरी २०३९ मध्ये भरते. तोपर्यंत जो रुपया डबीत जाऊन आला नाही, त्याला हा कायदा असाच राहिला तर ग्रेड लावून घ्यायला बाहेर जाता येणार नाही.